कोरड्या हवेचा आठवडा

डेल्फ्टमधले आमचे घर तिसऱ्या मजल्यावर होते आणि स्वयंपाकघराची खिडकी कालव्याकडे होती. ऑक्टोबर ते मार्च ती क्वचितच उघडली जाई. सकाळी काचेवर आतल्या बाजूने पाण्याचे ओघळ दिसत. ते पुसण्यासाठी आईने एक जुना पंचा खिडकीच्या दांडीवर कायमचा टांगून ठेवला होता. कपडे घरातच वाळत घालावे लागत, आणि ते वाळत असे म्हणण्यापेक्षा हळूहळू कमी ओले होत असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी धरू लागली तेव्हा घरमालकाने एक आर्द्रतामापक आणून दिला. तळहाताएवढी पांढरी तबकडी, तिच्यावर एक सुई आणि शून्यापासून शंभरपर्यंतचे आकडे. घरात कुणालाच तिच्यात रस नव्हता, म्हणून ती माझ्या ताब्यात आली. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, आणि ज्या गोष्टीची नोंद ठेवता येते तिची नोंद ठेवणे मला मनापासून आवडे. शाळेत जाताना आणि परत आल्यावर मी तबकडीवरचा आकडा वहीत लिहीत असे. सुई सत्तरच्या खाली क्वचितच उतरे.

या आकड्याचा आमच्या घराच्या सुखदुःखाशी काय संबंध होता, हे समजण्यासाठी वाचकाला हलव्याविषयी थोडी माहिती हवी. संक्रांतीचा हलवा आता सर्वत्र विकत मिळतो, त्यामुळे तो करतात कसा हे पुष्कळांना ठाऊक नसते. भाजलेले तीळ पसरट परातीत घ्यायचे. परात अगदी मंद आचेवर ठेवायची; राखेने झाकलेल्या निखाऱ्यांची आच, त्याहून अधिक नाही. साखरेचा पाक चमचाभर घालायचा आणि उजव्या हाताच्या बोटांनी तीळ सतत फिरवत राहायचे. पाक सुकला की पुन्हा एक चमचा. असे शेकडो वेळा. तीन-चार दिवसांनी प्रत्येक तिळाभोवती साखरेचा शुभ्र दाणा तयार होतो आणि त्यावर बारीक टोके उभी राहतात. त्यालाच हलव्याला काटा येणे म्हणतात. काटा आला नाही तर उरतात नुसत्या गुळगुळीत साखरेच्या गोळ्या, आणि करणारीची मान खाली जाते. पुण्यात आई शाळेत गणित शिकवीत असे, परंतु आमच्या सोसायटीत तिची ओळख हलव्यामुळे होती. डिसेंबर लागला की बायका तिळाच्या पुड्या घेऊन आमच्या दारात उभ्या राहत. कुणाच्या नव्या सुनेसाठी दागिने हवे असत, कुणाच्या नातवाच्या बोरन्हाणासाठी मुकुट. आई सगळ्यांना हो म्हणे आणि पहाटे पाचला परातीपाशी बसे.

डेल्फ्टमध्ये आल्यापासून सलग तीन हिवाळे तिचा हलवा बिघडला होता. पहिल्या वर्षी तो चिकट झाला, दुसऱ्या वर्षी गुळगुळीत, आणि तिसऱ्या वर्षी तिने परात अर्ध्यावरच उचलून ठेवली. माझ्या धाकट्या भावाचे, ओंकारचे, बोरन्हाण त्यामुळे राहिले होते. तो इथेच जन्मलेला, तेव्हा तीन वर्षांचा. पाळणाघरात शिकलेले डच शब्द तो घरात निःसंकोच वापरी. पुण्याहून मावशीने विकतचे दागिने पाठवण्याची तयारी दाखवली तेव्हा आईने फोनवर एवढेच सांगितले, “नको गं. माझ्या मुलाच्या अंगावर दुसऱ्याच्या हातचा हलवा घालायचा, इतकी वेळ नाही आली अजून.” फोन ठेवल्यावर मात्र ती बराच वेळ स्वतःच्या हाताकडे पाहत बसली होती. तिचे बोलणेही त्या काळात कमी होत चालले होते. डच भाषेच्या वर्गात ती शेवटच्या बाकावर बसते, असे तिने एकदा हसत सांगितले होते. ते हसणे मला आवडले नव्हते.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर गृहपाठ करीत होते आणि आईबाबा स्वयंपाकघरात भांडी घासत होते. बाबा रॉटरडॅमच्या बंदरासाठी संगणकप्रणाली लिहिणाऱ्या एका कंपनीत होते आणि त्यांच्या कामाची मुदत जूनमध्ये संपत होती. “वाढवायची की परत जायचं, ते फेब्रुवारीअखेर सांगा म्हणालेत,” बाबा म्हणाले. नळाचे पाणी वाहत राहिले. “अगं, काहीतरी बोल ना.” नळ बंद करून आई म्हणाली, “मला नाही ठरवता येत. थोडे दिवस थांबा.” बाबा म्हणाले, “बरं. सुट्टीनंतर ठरवू.” मला मात्र क्षणाचाही विचार करावा लागला नाही. मला डेल्फ्ट सोडायचे नव्हते. माझी सायकल, माझी शाळा, वर्गात माझ्या शेजारी बसणारी फ्लूर, ग्रंथालयातली खिडकीजवळची खुर्ची, हे सारे मी तीन वर्षांत एकेक करून मिळवले होते. मी गृहपाठाच्या वहीच्या मागच्या पानावर त्रैराशिकासारखी मांडणी केली. आईला इथे करमत नाही, कारण तिचा हलवा जमत नाही. हलवा जमला तर तिला करमेल. करमले तर आपण राहू. मांडणी मला निर्दोष वाटली. आज मी शाळेत विज्ञान शिकवते आणि मुलांना सांगते की दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. हे सांगताना मला ते मागचे पान दिसते.

सुट्टीचे निमित्त आपोआप जुळून आले. फेब्रुवारीच्या सुट्टीत आमच्या वर्गातली निम्मी मुले ऑस्ट्रियाच्या डोंगरांत स्कीइंगला जात आणि परत येताना चेहरा उन्हाने रापलेला अन् डोळ्यांभोवती मात्र चष्म्याच्या आकाराचा पांढरा पट्टा असे रूप घेऊन येत. तो पट्टा मला फार हवासा वाटे. त्या वर्षी फ्लूरच्या घरच्यांनीच आम्हाला सुचवले की ते दरवर्षी जातात त्या गावात एक माडी रिकामी आहे. बाबा लगेच तयार झाले. आई “बर्फ बघून काय करायचं” म्हणाली, पण नाही म्हणाली नाही. पंचांगात पाहिले तर रथसप्तमी नेमकी त्याच आठवड्यात गुरुवारी येत होती. संक्रांतीचा हलवा, हळदीकुंकू, बोरन्हाण हे सारे रथसप्तमीपर्यंत चालते. मी आर्द्रतामापक टेबलावर ठेवला आणि आईला वर्गात शिकलेले समजावून सांगितले. थंड हवा आणि कोरडी हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेल्फ्टची हवा थंड आहे, कोरडी नाही. उंच डोंगरावरची हवा दोन्ही असते. “आई, आपण परात घेऊन जाऊ या.” आईने माझ्याकडे असे पाहिले जणू मी वर्गातली हुशार पण आगाऊ विद्यार्थिनी आहे. “सुट्टीला जाताना लोक परात नेतात होय?” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा परात जुन्या चादरीत गुंडाळून दाराशी उभी होती.

आम्ही पहाटे निघालो. गाडीच्या मागच्या भागात परात, तीळ, साबुदाणा, द हेगच्या सुरिनामी दुकानातून आणलेले कुरमुरे, मेतकुटाची बरणी, भाताचा कुकर, आणि सुपरमार्केटात पिशवीने मिळतात त्या छोट्या मेणपणत्या होत्या. डच लोक चहाची किटली गरम ठेवायला तिच्याखाली अशी एक पणती लावतात. निखारे कुठून आणायचे, या प्रश्नावर आईने शोधलेले ते उत्तर होते. रस्त्यावर पिवळ्या नंबरपाट्यांच्या डच गाड्याच गाड्या होत्या, प्रत्येकीच्या टपावर स्कीची लांबोडकी पेटी. ओंकार प्रत्येक पेटीकडे बोट दाखवून “बोट! बोट!” म्हणे, डच भाषेतही नावेला बोटच म्हणतात, त्यामुळे आईला त्याच्याशी वाद घालता येईना. संध्याकाळ व्हायच्या सुमारास पहिला बर्फाचा डोंगर दिसला. बाबांनी गाडी कडेला घेतली. आम्ही चौघे उतरलो. मग आईने हवा आत ओढली, एकदा, पुन्हा एकदा, आणि म्हणाली, “पुण्याला पहाटे अशी असते.” हे शब्द मी मनाशी यश म्हणून टिपून ठेवले.

आमची माडी एका लाकडी घरात होती. खाली मालकीणबाई राहत, फ्राऊ मोझर, सत्तरीच्या, काठी न घेता बर्फावरून चालणाऱ्या. सकाळी दारावर कापडी पिशवीत ताजे पाव लटकवलेले असत. जिन्यावरून स्कीच्या जड बुटांचा धाडधाड आवाज येई. त्या बुटात चालणारा प्रत्येक माणूस नुकताच चालायला शिकल्यासारखा दिसतो. माझ्या स्कीइंगच्या शिकवणीचा वर्ग दहाला भरे आणि शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, सर्व वर्गांची शर्यत असे. आईने माझ्याशी करार केला होता. सकाळी सातपासून साडेनऊपर्यंत पाक घालायला मी, त्यानंतर ती आणि बाबा. पूर्वेकडच्या बाल्कनीत तिने सतरंजी अंथरली, मेणपणत्यांच्या दोन ओळी मांडल्या, चारी बाजूंना वीटभर उंचीचे लाकडी ठोकळे ठेवून त्यांवर परात टेकवली. बाबांचे जाड जाकीट, त्यावर शाल, डाव्या हातात मोजा, उजवा हात उघडा. मी शेजारी चमचा घेऊन. सोबत आणलेल्या आर्द्रतामापकाची सुई चाळीसच्या आत होती. परातीत तीळ फिरू लागले, सर्र, सर्र, आणि खालच्या गल्लीत बर्फ उपसणाऱ्या फावड्याचा आवाज थांबला.

“नाइन! नाइन!” असे जर्मनमध्ये ‘नाही, नाही’ ओरडत फ्राऊ मोझर दोन-दोन पायऱ्या चढत वर आल्या. बाल्कनी लाकडाची, पणत्या पेटलेल्या. त्यांचे चुकत नव्हते. बाबा धावत बाहेर आले आणि त्यांना येत असलेल्या सर्व भाषा एकाच वाक्यात बोलू लागले. बाईंनी त्यांच्याकडे दुर्लक्ष करून परातीपाशी उकिडवे बसून पाहिले. मग एक तीळ उचलून तोंडात टाकला. “अहो, हिने हात धुतलेत का विचारा,” आई माझ्या मते जरा मोठ्यानेच म्हणाली. “मी काय विचारू? आपणच तिच्या घराला आग लावतोय,” बाबा पुटपुटले. बाई म्हणाल्या, “त्सुकर?” “साखर, साखर,” आई मराठीत म्हणाली आणि बोटांनी तीळ फिरवण्याची क्रिया त्यांना दाखवली. दोघी एकमेकींच्या हाताकडे पाहत राहिल्या. फ्राऊ मोझर उठून खाली गेल्या. आम्ही सामान आवरायला लागलो होतो, इतक्यात त्या परत आल्या. एका काखेत काळ्या दगडाची सपाट फरशी होती, ती त्यांनी पणत्यांखाली सरकवली. दुसऱ्या काखेत मेंढीचे केसाळ कातडे होते, ते आईच्या सतरंजीवर अंथरले. बोट उगारून काही बजावले आणि पाण्याची भरलेली बादली दारात ठेवून निघून गेल्या. “शिस्तीची आहे,” आई समाधानाने म्हणाली. आईकडून याहून मोठे प्रशस्तिपत्र मी कधी ऐकले नाही.

स्कीइंगविषयी मला फारसे सांगण्याजोगे नाही, कारण मला ते फारसे आले नाही. पायातल्या पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणून पिझ्झाच्या तुकड्याचा आकार करायचा म्हणजे वेग कमी होतो, असे शिकवीत. मी पिझ्झा फार चांगला करी, इतका की उतारावरही जागच्या जागी उभी राही. फ्लूर माझ्या बाजूने सुळकन निघून जाताना ओरडे, “शाल्मली, तुझा पिझ्झा थंड झाला!” दुसऱ्या दिवशी ती मला बोलवायला आमच्या घराखाली आली आणि वर पाहतच राहिली. रस्त्याने जाताना तिने विचारले, “तुझी आई बाहेर का बसली आहे? भांडण झालं का? तुझ्या बाबांनी तिला घराबाहेर काढलं?” मला खरे उत्तर देण्याची लाज वाटली. मी म्हणाले, “तो एक प्रयोग आहे. आर्द्रतेचा.” फ्लूरने मान डोलावली. “आणि काय सिद्ध करायचं आहे?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ तयार होते, पण ते मी तिलाही सांगितले नाही.

आणि तरी आज मला त्या आठवड्यातले जे परत हवे आहे, ते उतारावरचे नाही. ते सकाळचे अडीच तास आहेत. बाजूच्या डोंगराच्या कडेवर ऊन हळूहळू खाली सरके. ते आमच्या कठड्यापर्यंत पोचायला बरोबर आठ वाजून वीस मिनिटे होत. चहाच्या कपातून निघणारी वाफ सरळ वर जाई. आत ओंकार बाबांच्या पोटावर बसून दूधपाव खाई. आई मध्येच ओरडे, “चमचा आहे तो, बादली नाही! पाक घालतेस की झाडांना पाणी?” मग बराच वेळ फक्त तिळांचा आवाज. हळूहळू ती बोलू लागली. आधी पाकाविषयी, मळी काढताना दूध किती घालायचे त्याविषयी. मग तिच्या शाळेविषयी, सातवी ‘ब’च्या मुलींविषयी, भूमितीत नापास होणाऱ्या आणि पुढे वास्तुविशारद झालेल्या एकीविषयी. तीन वर्षांत ती माझ्याशी इतके बोलली नव्हती. मी ऐके, पाक घाली, आणि मनात हिशेब करी की प्रयोग योग्य दिशेने चालला आहे. दुपारी परतल्यावर मेतकूट-भातावर तुपाची धार आणि तिच्या बोटांच्या टोकांना लाल चट्टे. “दुखतं का?” मी विचारी. “दुखायलाच हवं,” ती म्हणे.

बुधवारी सकाळी तिने हात मध्येच थांबवला. परात तिरकी करून तिने उन्हाकडे धरली. मग एक दाणा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. “बघ.” शुभ्र दाण्याभोवती सर्व बाजूंनी बारीक टोके उभी होती, एकसारखी, न तुटलेली. ती हातावर जाणवत होती. मी आर्द्रतामापकाकडे धावले; तो आकडा मला लिहून ठेवायचा होता. परत वळून पाहिले तेव्हा आई शालीच्या टोकाने डोळे पुसत होती आणि हसत होती. “आहे गं,” ती म्हणाली, माझ्याशी नव्हे. “आहे माझा हात अजून.” त्या दिवशी आम्ही उरलेला वेळ दागिने करण्यात घालवला. सुईदोऱ्याने एकेक दाणा ओवायचा, पुठ्ठ्यावर काळे कापड ताणून त्यावर शिवायचा. बाबांच्या जुन्या काळ्या सदऱ्याचा ओंकारला अंगरखा झाला. मुकुट, हार, बाजूबंद, आणि कागदाच्या नळीवर हलवा चिकटवून केलेली बासरी. बाबा दाणे ओवता ओवता खात होते. “अहो, कमरपट्टा खाल्लात तुम्ही,” आई म्हणाली.

बोरन्हाण म्हणजे लहान मुलाला मधोमध बसवून त्याच्या डोक्यावरून बोरे, कुरमुरे, गोळ्या ओतायच्या आणि जमलेल्या मुलांनी त्या लुटायच्या. बोरांऐवजी आमच्याकडे वाळवलेल्या लाल क्रॅनबेरी होत्या. आईने घरातल्या सर्वांना बोलावण्याचे फर्मान काढले. गुरुवारी फ्लूर आली, तळमजल्यावरची दोन डच मुले आली, आणि फ्राऊ मोझर कमरेला स्वच्छ फडके बांधून दारात उभ्या राहिल्या. मला धास्ती होती की कुणाला काही कळणार नाही आणि आपण हास्यास्पद ठरू. आईने ओंकारला ओवाळले, ओंजळ भरली आणि त्याच्या मुकुटावरून पहिली धार सोडली. मग फ्लूर किंचाळली, “अरे, हे तर सिंटरक्लाससारखं आहे!” डिसेंबरात त्या सणाला डच मुलांसाठीही घरात खाऊ असाच उधळतात. पुढच्या क्षणी सगळी मुले जमिनीवर होती. ओंकार टाळ्या पिटत ओरडत होता, “नोख एन कीअर! नोख एन कीअर!” म्हणजे पुन्हा एकदा. आई त्याच्या डच आरोळीला मराठीत उत्तर देत होती, “घे, अजून घे, माझ्या राजा!” आणि ओतत होती. तिचा आवाज खोलीभर घुमत होता, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या शिक्षिकेचा आवाज. मी तो विसरले होते. मी खात्रीने समजले की आता आपण राहणार.

शुक्रवारच्या शर्यतीत मी शेवटून दुसरी आले. त्यानंतर आई प्रथमच माझ्यासोबत तारेवरच्या पाळण्यातून डोंगरावर आली. वरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. खाली गाव एवढेसे दिसत होते. ती म्हणाली, “शमू, तुला आधी सांगते. आपण जूनमध्ये परत जाऊ या, असं मी काल बाबांना म्हटलं.”

मला वाटले मी चुकीचे ऐकले. “पण हलवा तर आला ना!”

“आला म्हणूनच तर,” ती म्हणाली. “तीन वर्षं मला वाटत होतं, माझा हातच गेला. भाषा येत नाही, शाळा नाही, साधा हलवासुद्धा नाही. अशी रिकामी होऊन कुठल्या तोंडानं परत जायचं गं? सोसायटीतल्या बायका डिसेंबरात तीळ घेऊन येतील, त्यांना काय सांगू? शाळेत फळ्यासमोर उभी राहिले आणि तिथंही काही आलं नाही तर? म्हणून मी बाबांना थांबा, थांबा म्हणत होते. इथं निदान कुणी ओळखत नव्हतं.” तिने माझा हातमोजा नीट केला. “हात गेला नव्हता. हवा वेगळी होती, इतकंच. तूच नाही का सांगितलंस.”

माझ्या त्रैराशिकातली चूक मला त्या बाकावर दिसली. अपयश आईला पुण्याकडे ढकलत आहे असे मी मानले होते. प्रत्यक्षात तेच तिला डेल्फ्टमध्ये धरून होते, आणि मी ते चमच्याचमच्याने दूर केले होते. “तुझी शाळा आहे, मला कळतं,” ती म्हणाली. “रागावलीस?” मी मान हलवली. ती हो होती की नाही, हे मलाही सांगता आले नसते.

शनिवारी परतताना जर्मनीतल्या एका पेट्रोलपंपावर बाबा मला घेऊन कॉफी आणायला उतरले. यंत्रासमोर उभे असताना ते म्हणाले, “सोमवारी ऑफिसात उत्तर द्यायचंय. मला दोन्हीकडे काम आहे. ओम्या लहान आहे. राहिलीस तू. तुझं मत काय?”

“मी नाही म्हटलं तर?”

“तर मी आईशी बोलेन. आणि ती थांबेल.” त्यांनी कप उचलला. “तुझ्यासाठी थांबेल ती. तुलाही माहीत आहे.”

मला माहीत होते. काचेपलीकडे आमची गाडी उभी होती. आई मागच्या सीटवर ओंकारशेजारी बसली होती आणि त्याला बोटांवर काहीतरी शिकवत होती. तो चुकला की ती भुवया उंचावे, उत्तर बरोबर आले की दोन्ही हात वर करी. आवाज ऐकू येत नव्हता, तरी ती प्रश्न विचारते आहे आणि उत्तराची वाट पाहते आहे हे दिसत होते. असे वाट पाहणे मी आता स्वतः रोज करते. वर्गात ते फक्त त्यालाच जमते ज्याला आपल्या जागेविषयी शंका नसते. मी बराच वेळ पाहिले. बाबांनी घाई केली नाही.

“जाऊ या, बाबा,” मी म्हणाले.

“नक्की?”

“नक्की.”

त्या उत्तराचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. आईने पुढे निवृत्त होईपर्यंत शिकवले, आणि तिच्या वर्गातल्या मुली आजही माझ्यासमोर तिचे नाव काढतात. परंतु पश्चात्ताप नसणे म्हणजे ओढ नसणे नव्हे. सीमा ओलांडून आम्ही नेदरलँड्समध्ये शिरलो तेव्हा पाऊस लागला. सपाट, ओली, करडी जमीन, चर भरलेले, एका कुंपणाशी मेंढ्या पाठ करून उभ्या. ओंकार जागा होऊन म्हणाला, “टाऊस?” म्हणजे घर आले का. आई म्हणाली, “आलं हं, आलं.” मी काच पुसली आणि पाहू लागले. सोमवारपासून मी शाळेत लांबच्या रस्त्याने जाऊ लागले, कालव्यावरचे पूल एकेक करून. दुकानांची नावे, सायकलीच्या घंटीचे वेगवेगळे आवाज, ग्रंथालयातल्या त्या खुर्चीच्या हातावरची चीर, फ्लूर हसताना आधी नाक कसे फेंदारी, हे सारे मी त्या चार महिन्यांत पाहिले. आज माझ्या मनात जे डेल्फ्ट इतके स्वच्छ उभे आहे, ते या चार महिन्यांचे आहे. त्याआधीची तीन वर्षे मी तिथे नुसतीच राहत होते.